निद्रिस्त लॅपटॉपची बखर

झोपणं सोपं, खरी विद्या उठण्यात आहे. आमच्या बँकेत जेवणानंतर लेजरवर डोकं टेकणारे पुष्कळ होऊन गेले. पण साहेबांची चाहूल लागताच, जिथं पेन थांबलं होतं नेमक्या त्याच आकड्यापासून बेरीज पुढे चालवणारे विरळाच! लॅपटॉपचंही तसंच. झाकण मिटलं की झोपतो झकास; उघडल्यावर मात्र कधी पडदा काळा, कधी वाय-फाय बेपत्ता, तर कधी पंखा घरघरतोय आणि यजमान बेशुद्ध. त्यात लॅपटॉपवर लिनक्स असलं तर विचारूच नका.

या दुखण्याला इतिहास आहे, बरं का. लिनक्सचा जन्म 1991 सालचा, हेलसिंकीत, लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याच्या हातून. पुढच्याच वर्षी इंटेल आणि मायक्रोसॉफ्टनं एपीएम ही पद्धत काढली. तिच्यात निजवण्या-उठवण्याचं काम बायोसकडे, म्हणजे वाड्यातल्या जुन्या कारभाऱ्याकडे. 1996 च्या डिसेंबरात या दोघांनी तोशिबाला बरोबर घेऊन एसीपीआय आणली आणि कारभार ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती दिला. कारभाऱ्यानं आता फक्त यादी करून द्यायची: अमुक दिवा असा मालवावा, तमुक पंखा असा थांबवावा. झोपेचे वर्गही पाडले. एस-3 म्हणजे मेमरीपुरती वीज ठेवून घेतलेली झोप. एस-4 म्हणजे सगळं डिस्कवर उतरवून दिलेली ताणून.

यादी लिहिणारे मात्र ती विंडोजवर चालली की बहुधा हात झटकून मोकळे. ताळेबंद जुळला ना, मग व्हाउचरं कशाला बघायची? काही याद्या तर आधी विचारत, "आपण कोण?" खरं नाव सांगितलं की कुणी न तपासलेली वाट दाखवली जाई. शेवटी 2007 पासून लिनक्सनं आपलं नाव सांगणं सहसा बंदच केलं. दारात कुणी विचारलं तर ते सरळ विंडोजचं नाव सांगतं आणि आत शिरतं.

उठता उठताच मशीन मेलं तर पंचनामा कसा करायचा? पडदा काळा, आणि पुन्हा सुरू करावं तर मेमरी पुसलेली. 2006 साली टोरवाल्ड्सनं तोड काढली. आतलं बॅटरीवरचं घड्याळ तेवढं शाबूत राहतं. तेव्हा प्रत्येक पायरीची खूण तारीख-वेळ म्हणून त्यातच लिहून ठेवायची! पुन्हा सुरू केल्यावर घड्याळ भलतंच साल दाखवतं, पण त्यावरून संशयित ड्रायव्हर हाती लागतो. मयताच्या घड्याळावरून खुनी शोधणाऱ्या रहस्यकथा आपण वाचल्या आहेत. इथं मयतच काटे फिरवून जातो.

अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपांतून एस-3 गेलीच. तिच्या जागी मोबाइलसारखी अर्धवट झोप आली. बॅगेत ठेवलेला लॅपटॉप आत जागाच राहिला, की बॅग गरम आणि बॅटरी रिकामी. अशा वेळी सिस्टिमच्या पॉवर फोल्डरमधली 'मेम स्लीप' ही फाइल वाचावी. तीत 'डीप' हा शब्द असेल तर जुनी गाढ झोप अजून शिल्लक आहे. ती निवडून पाहावी. तरीही मशीन उठलं नाही, तर एकेक ड्रायव्हर बाजूला काढून झोपवून बघावं.

आणि झाकण मिटण्यापूर्वी फाइल सेव्ह करावी. दुसऱ्यांच्या यादीतल्या चुका निस्तरत, आपल्या लॅपटॉपला सुखाची झोप लागावी म्हणून कितीजण रात्र रात्र जागले. पण न जपलेलं पत्र त्यांनाही परत आणता येत नाही.