हडर्सफील्ड ते ओडसल : चॅलेंज कपची वाटचाल

29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडमधल्या रग्बी क्लबांचे प्रतिनिधी जमले. मागणी साधी होती. शनिवारी सामन्याला जाणाऱ्या खाणकामगाराची, गिरणी कामगाराची त्या वेळेची मजुरी कापली जाई. या खाड्याची भरपाई क्लबला देऊ द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. देशाच्या रग्बी संघटनेने 1893 मध्येच ते फेटाळलं होतं. खेळात पैसा आला की खेळ नासतो, हे तिचं तत्त्व. मजुरी बुडाल्याची झळ ज्यांच्या घरात कधी पोहोचली नाही, त्यांनाच असलं तत्त्व परवडतं. उत्तरेतले क्लब बाहेर पडले आणि त्यांनी नॉर्दर्न युनियन स्थापन केली. आजची रग्बी लीग ती हीच.

पहिल्या वर्षी सगळ्यांची मिळून एकच लीग होती. पुढच्याच हंगामात यॉर्कशायर आणि लँकेशायर या परगण्यांच्या लीग वेगळ्या झाल्या. मध्ये पेनाईन्सची डोंगररांग. अलीकडे लोकरीच्या गिरण्या, पलीकडे सुताच्या. एकाच कारणासाठी बंड केलेले हे दोन शेजारी लीगमध्ये एकमेकांना भेटेनासे झाले. नेमक्या त्याच 1896-97 च्या हंगामात चॅलेंज कप सुरू झाला आणि बाद पद्धतीच्या सोडतीने त्यांची पुन्हा गाठ घालून दिली. या स्पर्धेचं मोठेपण मला तिथेच दिसतं. चांदीचा करंडक ब्रॅडफर्डच्या फॅटोरिनी पेढीने घडवला.

पहिला अंतिम सामना 24 एप्रिल 1897 रोजी लीड्सच्या हेडिंग्ली मैदानावर झाला. एकीकडे बॅटली, म्हणजे जुन्या चिंध्या पिंजून पुन्हा कापड विणणारं यॉर्कशायरचं गाव. दुसरीकडे लँकेशायरचं, काचेच्या कारखान्यांचं सेंट हेलेन्स. सेंट हेलेन्सच्या खेळाडूंच्या अंगात एकसारख्या जर्सीही नव्हत्या. 13,492 प्रेक्षकांसमोर बॅटलीने 10-3 असा विजय मिळवला. पुढच्या वर्षी त्यांनी करंडक राखला आणि 1901 मध्ये तिसऱ्यांदा जिंकला. त्यानंतर तो बॅटलीला आजवर गेलेला नाही.

1906 मध्ये संघातले खेळाडू पंधरावरून तेरा झाले. 1929 मध्ये अंतिम सामना लंडनला, वेम्बली स्टेडियमवर गेला. विगनने ड्यूसबरीला 13-2 असं हरवलं. उत्तरेतला खेळ राजधानीला दाखवावा, हा त्यामागचा हेतू. त्यावर नाराजी झाली, पण वेम्बली लवकरच गावोगावच्या आयुष्याचा भाग बनली. कामगार आठवड्याला थोडे थोडे पैसे वेम्बलीच्या फंडात टाकत. आपला संघ अंतिम फेरीत पोहोचो न पोहोचो, वसंतातली लंडनची ती फेरी चुकवायची नाही.

मग आला 1953-54 चा हंगाम. त्यात अंतिम फेरी गाठली वॉरिंग्टन आणि हॅलिफॅक्स यांनी, पुन्हा लँकेशायर आणि यॉर्कशायर. वॉरिंग्टन हे तारा ओढणाऱ्या कारखान्यांचं गाव, म्हणून संघाचं टोपणनाव ‘द वायर’. त्यांच्याकडे ऑस्ट्रेलियाचा ब्रायन बेव्हन होता. हाडकुळा, डोक्याला टक्कल, खेळाडू वाटूच नये असा हा विंगर; पण कारकिर्दीत त्याने 796 ट्राय केल्या, म्हणजे इतक्यांदा गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला, आणि हा विक्रम आजही अबाधित आहे. हॅलिफॅक्सची ताकद फॉरवर्ड फळीत होती.

24 एप्रिल रोजी वेम्बलीवर 81 हजारांहून अधिक लोक आले आणि त्यांना एकही ट्राय पाहायला मिळाली नाही. हॅलिफॅक्सच्या टायसल ग्रिफिथ्सने पेनल्टीवर दोन गोल केले, वॉरिंग्टनच्या हॅरी बाथनेही दोन. 4-4. वेम्बलीवरचा अंतिम सामना बरोबरीत सुटण्याची ही पहिलीच वेळ. फेरसामना बुधवारी, 5 मे रोजी, ब्रॅडफर्डच्या ओडसल मैदानावर संध्याकाळी ठरला.

ओडसल हा मुळात डोंगरकुशीतला खड्डा. शहराचा कचरा टाकून त्याच्या बाजू उभारल्या होत्या, आणि 1934 मध्ये तिथे रग्बी सुरू झाली. छप्पर फारसं नाही. उतारावर, वाऱ्यात उभं राहून सामना पाहायचा. तिथल्या गर्दीचा तोवरचा उच्चांक 69,429 होता. मधल्या आठवड्यातला कामाचा दिवस, आधीचा सामना कंटाळवाणा, त्यामुळे याहून फार वेगळं काही घडेल असं मानायला कारण नव्हतं.

पण पाळी संपताच दोन्ही बाजूंची माणसं निघाली. डोंगर ओलांडणारे अरुंद रस्ते बस आणि मोटारींनी तुंबले. सामना सुरू झाला तरी लोक आत येतच होते. अधिकृत आकडा 1,02,000 च्या पुढे गेला, आणि प्रत्यक्षात माणसं याहून बरीच जास्त होती असं तिथे असलेले सांगत राहिले. रग्बी लीगच्या सामन्याला एवढी गर्दी त्यानंतर थेट 1999 मध्ये, सिडनीत झाली. हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो तो विक्रमापेक्षा त्याच्या जागेमुळे. राजधानीतल्या भव्य स्टेडियमवर जितके जमले नाहीत, तितके कचऱ्याच्या भरावावर जमले. कारण या वेळी ज्यांची स्पर्धा होती, त्यांच्या दारात ती आली होती. लंडनच्या तिकिटाचा, राहण्याचा खर्च नाही, आणि कामावर खाडाही नाही.

वॉरिंग्टनने 8-4 असा सामना जिंकला. जिम चॅलिनर आणि गेरी हेल्म यांनी एकेक ट्राय केली, बाथने एक गोल. हॅलिफॅक्सचे चार गुण पुन्हा पेनल्टीचेच. ट्राय झाल्याचा त्यांचा दावा पंच रॉन गेल्डर यांनी मान्य केला नाही, आणि हॅलिफॅक्सच्या लोकांनी तो निर्णय कधीच मान्य केला नाही. सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूची लान्स टॉड ट्रॉफी हेल्मला मिळाली. 1950 मध्येही ती त्यालाच मिळाली होती; दोनदा ती जिंकणारा तो पहिलाच. तीन दिवसांनी हेच दोन संघ मँचेस्टरच्या मेन रोड मैदानावर लीग विजेतेपदासाठी भिडले. तिथेही वॉरिंग्टन, 8-7. तीन सामन्यांत मिळून पाच गुणांचं अंतर, आणि तेवढ्यावर हॅलिफॅक्सच्या हातून हंगामातले दोन्ही मान गेले.

चॅलेंज कप पुढे बराच लांब पोहोचला. 2018 मध्ये फ्रान्सच्या कॅटलन्स ड्रॅगन्सनी वॉरिंग्टनला हरवून तो नेला. इंग्लंडबाहेरचा हा पहिला विजेता. 2023 मध्ये महिलांचा अंतिम सामना प्रथमच वेम्बलीवर झाला.

हॅलिफॅक्स 1956 मध्ये पुन्हा अंतिम फेरीत पोहोचलं आणि सेंट हेलेन्सकडून हरलं. मग 1987 उजाडलं, समोर पुन्हा सेंट हेलेन्स. मार्क एलिया गोलरेषा ओलांडून चेंडू टेकवणार, इतक्यात जॉन पेंडलबरीने त्याच्या हातून तो उडवला. ओडसलवर हुकलेला करंडक हॅलिफॅक्सने 33 वर्षांनी 19-18 असा घरी नेला.