पांढरी, काळी आणि २०० मीटर

गोरेगावकरांनो, गावात प्लॉटिंगचा विषय निघाला की आपले जुने शब्द आठवा. म्हातारी माणसं वस्तीला ‘पांढरी’ म्हणायची, शेताला ‘काळी’. मातीची घरं पडायची, त्याच जागी नवी उठायची. अशानं वस्तीची माती पांढरट झाली. घर पांढरीत, पेरा काळीत. नकाशा नसला तरी हद्द सगळ्यांना ठाऊक होती.

पुढं ही हद्द कायद्यात आली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. कलम १२२ नं गावठाणाची हद्द ठरवायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला मिळाला. कलम ४४ प्रमाणं शेतजमिनीत दुसरं काही करायचं तर एनए परवानगी आली. पण घरं वाढत गेली, गावठाण तेवढंच राहिलं. एका वाड्यात चार चुली झाल्या.

म्हणून नंतर कलम ४२-ड आलं. गावठाणापासून २०० मीटरच्या आतली, प्रादेशिक योजनेत बिगरशेती वापरासाठी दाखवलेली जमीन कर भरला की अकृषिक धरली जाऊ लागली. गरजवंताची सोय झाली, हे बरंच झालं.

पण भावाला घर बांधायला दोन गुंठे लागणं वेगळं आणि प्लॉट पाडून भाव वाढायची वाट बघणं वेगळं. कायद्याला मीटर कळतात, माती कळत नाही. काळ्या रानावर एकदा मुरूम पडला की तिथं सोयाबीन, हळद परत येत नाही.

गाव वाढणारच. ते मुरमाड अंगाला वाढावं की भारी रानाकडं, हे आपल्याला ठाऊक आहे. पुढच्या ग्रामसभेत हाच ठराव मांडू. कुणाकुणाची तयारी आहे?