मध्य विभागाची कायदेमंडळ निवडणूक (१८९५)

मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळावर मध्य विभागातील लोकल बोर्डांचा प्रतिनिधी पाठविण्यासाठी झालेली अप्रत्यक्ष निवडणूक. तीत बाळ गंगाधर टिळक (१८५६–१९२०) निवडून आले. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर), नासिक व खानदेश हे जिल्हे या विभागात मोडत.

१८८४ च्या कायद्याने तालुका व जिल्हा लोकल बोर्डे स्थापन झाली. शिरूर तालुक्यातील, तसेच दौंड ज्यात मोडत असे त्या भीमथडी तालुक्यातील मताधिकार मोजक्या लोकांपुरता होता. तालुका बोर्डे जिल्हा बोर्डावर सदस्य निवडीत. जिल्हा बोर्डाचे अध्यक्षपद मात्र कलेक्टरकडे असे. १८९२ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टमध्ये ‘निवडणूक’ हा शब्द कटाक्षाने टाळलेला होता. संस्थांनी नावाची शिफारस करावी आणि गव्हर्नराने नेमणूक करावी, अशी ही व्यवस्था होती. अप्रत्यक्ष निवड अन्यत्रही अपरिचित नव्हती. अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यात अध्यक्षीय निवडणुकीचे निर्वाचक १८६० पर्यंत राज्य विधिमंडळच निवडत असे. तथापि तेथील निवडीस वरिष्ठ सत्तेची मान्यता लागत नसे. येथे ती अपरिहार्य होती.

या निवडणुकीचे महत्त्व शेतकऱ्यांच्या प्रश्नामुळे विशेष जाणवते. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा उसळून तो शिरूर तालुक्यातही पसरला व कर्जरोखे जाळण्यात आले. त्यानंतर दख्खन शेतकरी साहाय्य कायदा (१८७९) झाला. परंतु तो करताना शेतकऱ्यास मत नव्हते. १८९५ मध्येही सामान्य कुळाचे मत कायदेमंडळापर्यंत पोहोचले नाही. त्याची बाजू मांडणारा सदस्य मात्र तेथे गेला. त्या सदस्यास अंदाजपत्रकावर चर्चा करता येई व प्रश्न विचारता येत. मतदान करता येत नसे. त्यामुळे १८९६-९७ च्या दुष्काळात शेतसाऱ्याच्या सुटीचा आग्रह टिळकांना मुख्यतः केसरी पत्रातून धरावा लागला.

१८९७ मध्ये टिळक पुन्हा निवडून आले; परंतु त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना शिक्षा झाली व त्यांचे सदस्यत्व संपुष्टात आले. १८९९ मध्ये याच विभागातून गोपाळ कृष्ण गोखले निवडले गेले. प्रांतिक कायदेमंडळासाठी प्रत्यक्ष मतदान १९१९ च्या सुधारणांनंतर, १९२० मध्ये आले. सार्वत्रिक प्रौढ मताधिकार मात्र १९५१-५२ च्या निवडणुकीतच लाभला.