प्रोसेसर कूलर : लहान कॅबिनेट, ओव्हरक्लॉकिंग आणि खान्देशचा उन्हाळा

प्रोसेसरमध्ये तयार होणारी उष्णता तांब्याच्या नळ्या आणि अॅल्युमिनिअमच्या पात्यांमार्फत, किंवा द्रवामार्फत, उचलून हवेत सोडणारे साधन म्हणजे प्रोसेसर कूलर. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर चालवायचा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग करायचे, तर प्रोसेसरच्या खोक्यात आलेला कूलर बहुधा पुरत नाही. वेगळा घ्यावा लागतो. कॅबिनेट लहान असले की ही निवड अवघड होते. संगणक जळगाव-धुळ्याकडे असेल तर निवडीचा पायाच बदलतो. कूलरच्या प्रसिद्ध होणाऱ्या कसोट्या २० ते २५ अंश सेल्सिअसच्या खोलीत घेतलेल्या असतात आणि इकडे मे महिन्यात दुपारी वरच्या मजल्यावरची खोली चाळिशी ओलांडते. त्या कसोट्यांचे आकडे जसेच्या तसे धरून केलेली खरेदी इथे पहिल्याच उन्हाळ्यात फसते.

लहान कॅबिनेट म्हणजे साधारण २० लिटरच्या आतली पेटी. तिच्यात बहुधा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड बसतो. १७ सेंमी. लांब आणि तितकाच रुंद असा हा आकार तैवानच्या व्हिया कंपनीने २००१ मध्ये आणला, तो अगदी कमी विजेवर चालणाऱ्या प्रोसेसरांसाठी. आज त्याच आकाराच्या बोर्डावर इंटेलचा कोअर आय९-१४९००के बसतो, ज्याची टर्बो मर्यादा २५३ वॅट आहे. एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स बसतो, ज्याची मर्यादा २३० वॅट आहे. पेटी तेवढीच राहिली आणि आतली उष्णता कितीतरी पटींनी वाढली. खान्देशात अशा लहान संगणकाची गरज खरी आहे. वसतिगृहात किंवा भाड्याच्या एका खोलीत राहणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि लग्नाचे चित्रीकरण करून रात्री एडिटिंगला बसणारे व्हिडिओग्राफर यांना जागा कमी हवी असते आणि यंत्र सहज उचलून नेता यायला हवे असते. त्यातही व्हिडिओग्राफरची अडचण मोठी. लग्नसराई एप्रिल-मेची, म्हणजे संगणकावर सर्वांत जास्त भार नेमका सर्वांत जास्त उन्हात पडतो.

हवामान : तापीच्या खोऱ्यातला हा प्रदेश उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर यांच्यामध्ये आहे. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मी. उंचीवर आहे आणि समुद्राचा गारवा इथवर पोचत नाही. एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान ४२ ते ४५ अंशांच्या घरात जाते. भुसावळचे नाव तर तापलेल्या शहरांच्या यादीत उन्हाळ्यागणिक झळकते. थंडीत मात्र पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास, कधी त्याखालीही उतरतो. जुन्या धाब्याच्या घरांची जाड मातीची छते ऊन अडवत. आजचा आरसीसी स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती धग खाली सोडत राहतो. म्हणून रात्री जेवणानंतर संगणकाला बसणाऱ्यालाही गार खोली मिळत नाही.

उष्णतेचे गणित : प्रोसेसरची वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्क्यांनी वाढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेजही १० टक्क्यांनी वाढवले, तर उष्णता सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. शिवाय चिप जितकी तापते तितकी तिच्यातली वीजगळती वाढते आणि तीच चिप त्याच कामासाठी आणखी वीज खाऊ लागते.

कूलर कितीही महाग असला तरी प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. तो फक्त खोलीपासूनचे अंतर ठरवतो. प्रोसेसरचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान, त्यात कॅबिनेटच्या आत साचलेली वाढ, त्यात कूलरवरची वाढ. समजा कॅबिनेटमध्ये ८ अंश साचतात आणि त्या भाराला कूलर ५० अंशांचे अंतर ठेवतो. २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ८३ वर राहील आणि सगळे सुरळीत वाटेल. तेच यंत्र ४२ अंशांच्या खोलीत १०० वर जाईल. रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ अंश आहे आणि वर सांगितलेल्या आय९ ची १००. मर्यादेला टेकताच प्रोसेसर आपला वेग आपणच उतरवतो. ओव्हरक्लॉक करून मिळवलेला वेग तिथेच निघून जातो, विजेचे बिल आणि पंख्याचा आवाज तेवढा उरतो.

कॅबिनेटमध्ये साचणाऱ्या वाढीकडे गिऱ्हाईक सहसा पाहत नाही, आणि लहान पेटीत तर तीच घात करते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून ४०० वॅट उष्णता सोडत असतील आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर दर मिनिटाला सुमारे २.१ घनमीटर हवा पेटीतून गेली पाहिजे. १५ लिटरच्या पेटीत याचा अर्थ असा, की आतली सगळी हवा सेकंदाला दोनदाहून अधिक वेळा बदलायला हवी. समोर काच असलेल्या आणि बाजूला चिंचोळ्या फटी ठेवलेल्या देखण्या कॅबिनेटमधून हे होत नाही. खान्देशात काचेच्या बाजूचे लहान कॅबिनेट ओव्हरक्लॉकिंगसाठी घेऊच नये. जाळीचा पत्रा असलेले घ्यावे.

कूलरचे प्रकार व उंची : लहान कॅबिनेटमध्ये निवड उंचीपासून सुरू होते. प्रोसेसरच्या माथ्यापासून बाजूच्या पत्र्यापर्यंत किती मिलिमीटर मोकळे आहेत, ते कॅबिनेटच्या माहितीपत्रकात दिलेले असते. कूलर मास्टरच्या एनआर२०० या सुमारे १८ लिटरच्या कॅबिनेटमध्ये १५५ मिमी.पर्यंतचा उभा, म्हणजे टॉवर कूलर बसतो. आपल्याकडे वर्षानुवर्षे खपत आलेला हायपर २१२ ब्लॅक एडिशन १५८.८ मिमी. उंच आहे, जेमतेम चार मिलिमीटरसाठी पत्रा लागत नाही. त्याच वर्गातला डीपकूलचा एके४०० हा १५५ मिमी.चा असल्याने मावतो, आणि नॉक्टुआचा एनएच-यू९एस १२५ मिमी.चा असल्याने आणखी आटोपशीर कॅबिनेटमध्येही जातो. रॅमच्या पट्ट्यांवर उंच सजावटी कंगवे असतील तर टॉवरचा पंखा वर सरकवावा लागतो आणि एकूण उंची वाढते. म्हणून रॅम बुटकी घ्यावी.

१० लिटरच्या आसपासच्या कॅबिनेटमध्ये टॉवरचा प्रश्नच येत नाही. फ्रॅक्टलच्या टेरामध्ये मधला पत्रा पूर्ण सरकवला तरी ७७ मिमी. मिळतात. इथे आडवे कूलर येतात : नॉक्टुआ एनएच-एल९ (३७ मिमी.), थर्मलराइट एएक्सपी९०-एक्स४७ (४७ मिमी.), नॉक्टुआ एनएच-एल१२एस (७० मिमी.). यांतला पहिला तर कंपनी स्वतःच ओव्हरक्लॉकिंगसाठी सुचवत नाही. आडव्या कूलरचा एक गुण मात्र मोठा आहे. त्याचा पंखा हवा खाली फेकतो, तेव्हा प्रोसेसरभोवतीची व्होल्टेज पुरवणारी मंडले आणि रॅमही थंड राहतात. ओव्हरक्लॉकिंगमध्ये ताण या मंडलांवरही पडतो. पंखा आणि जाळी यांच्यात काही मिलिमीटरची फट उरली, तर कूलर बाहेरची हवा न घेता आतलीच तापलेली हवा पुन्हा ओढतो. ती फट फोमच्या पट्टीने भोवताली बंद केली की काही अंशांचा फरक पडतो, आणि फोमचा खर्च किरकोळ असतो.

लिक्विड कूलर : लिक्विड कूलरबद्दल एक गैरसमज पसरला आहे, की द्रव आहे म्हणजे तो खोलीपेक्षा थंड असतो. त्याचा रेडिएटरही खोलीतल्याच हवेवर चालतो. त्याचा खरा फायदा असा, की उष्णता प्रोसेसरपासून दूर, कॅबिनेटच्या काठाशी नेता येते. लिआन लीच्या ए४-एच२ओ या ११ लिटरच्या कॅबिनेटमध्ये २४० मिमी.चा रेडिएटर बसतो. एवढ्याशा पेटीत २०० वॅटच्या आसपासचा प्रोसेसर चालवण्याचा दुसरा चांगला मार्ग नाही. रेडिएटर २७ मिमी. आणि पंखा २५ मिमी. अशी ५२ मिमी. जाडी धरावी, नळ्यांना वळायला जागा ठेवावी आणि पंप हा सगळ्या मांडणीतला सर्वांत उंच भाग होऊ देऊ नये. वर गोळा होणारी हवा पंपात शिरली की तो खडखडतो. नळ्यांतून द्रव वर्षानुवर्षे अगदी थोडा थोडा झिरपून उडत असतो आणि उष्णतेत हे जास्त होते. म्हणून १५५ मिमी. जागा असेल तिथे टॉवरच बरा. त्यात बिघडण्यासारखा फक्त पंखा असतो आणि तो स्वस्तात बदलता येतो.

पॉवर सप्लायकडेही पाहावे. लहान कॅबिनेटमधल्या एसएफएक्स, म्हणजे लहान आकाराच्या, सप्लायपैकी काहींची पूर्ण क्षमता ४० अंशांपर्यंतच सांगितलेली असते, काहींची ५० पर्यंत. इथे ५० वालाच घ्यावा.

पाण्याचा कूलर आणि संगणक : खान्देशी घरात उन्हाळ्यात चालतो तो वाळ्याचा किंवा लाकडी तंतूंचा पॅड लावलेला पाण्याचा कूलर, आणि प्रोसेसर थंड ठेवण्यात त्याचा वाटा कोणत्याही पंख्यापेक्षा मोठा आहे. हवा ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर पाणी उडाल्याने ती हवा तत्त्वतः २२–२३ अंशांपर्यंत उतरू शकते; साध्या कूलरच्या तोंडाशी २७–२८ अंश मिळतात. खोली १० अंशांनी उतरली तर प्रोसेसरही जवळजवळ तेवढाच उतरतो. दमट हवेने संगणक भिजेल ही भीती अनाठायी आहे, कारण चालू संगणकाचे सगळे भाग खोलीपेक्षा गरम असतात आणि त्यांच्यावर दव धरत नाही. खरा धोका तुषारांचा आहे. बोअरच्या जड पाण्याने पॅडवर जसा पांढरा क्षार चढतो, तसाच तो बारीक थेंबांबरोबर उडून बोर्डावर बसू शकतो. कॅबिनेट कूलरच्या झोतात ठेवू नये. झोताच्या बाजूला, जमिनीपासून वर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी.

दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. घरातल्या इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे असतात, पाण्याचा कूलर बहुतेक वेळा नसतो. वीज गेली की यूपीएसवर संगणक चालू राहतो आणि खोली मात्र तापू लागते. आणि पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की पाण्याच्या कूलरचा उपयोग झपाट्याने घटतो.

धूळ व रुई : काळ्या मातीची बारीक धूळ सगळीकडेच असते. दिवाळीनंतर कापूस जिनिंगला जाऊ लागला की आसपासच्या वस्त्यांत तंतू तरंगतात. धुळ्यात यंत्रमागांच्या भागात ते बारा महिने असतात. कूलरचा पंखा उचलून पाहिला, तर पंखा आणि पात्यांच्या मध्ये नमद्यासारखा करडा थर जमलेला दिसतो. वरून कूलर स्वच्छ दिसतो, हवा मात्र पलीकडे जात नाही. आडव्या बुटक्या कूलरची पाती फार जवळजवळ असतात, ती लवकर चोंदतात. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा; हवेच्या जोराने तो भलत्या वेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते. जाळीमागे धुता येणारा बारीक फिल्टर लावावा. थर्मल पेस्ट वारंवारच्या तापण्या-निवण्याने कडांकडे सरकते आणि वाळते, म्हणून दर एक-दोन वर्षांनी, उन्हाळ्याच्या आधी, बदलावी.

प्रोसेसरची निवड : कूलर निवडण्याआधी प्रोसेसर निवडला, तर अर्धे काम तिथेच होते. रायझन ५ ७६०० ची वीजमर्यादा मुळात ८८ वॅट आहे. टॉवर कूलरखाली त्याला वाढवायला खान्देशी उन्हाळ्यातही जागा उरते. केवळ गेमसाठी रायझन ७ ७८००एक्स३डी घ्यावा. त्याचा वेगाचा गुणक बंद असला तरी व्होल्टेज उतरवण्याची सोय आहे आणि तो मुळातच कमी वीज खातो. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरांना लहान कॅबिनेटमध्ये जास्त व्होल्टेज देऊ नये. वाढलेल्या व्होल्टेजमुळे त्यांच्यात येणाऱ्या अस्थिरतेचा दोष २०२४ मध्ये कंपनीनेच मान्य केला, मायक्रोकोडच्या सुधारणा दिल्या आणि खोक्यासह विकलेल्या प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर आधीपासून असेल तर मदरबोर्डाचे बायोस अद्ययावत करून घ्यावे.

या प्रदेशात व्होल्टेज वाढवण्यापेक्षा उतरवणे जास्त फळते. वेग ५ टक्के आणि व्होल्टेज १० टक्के कमी केले, तर उष्णता सुमारे २३ टक्क्यांनी घटते. रायझनमध्ये बायोसमधली कर्व्ह ऑप्टिमायझर ही सोय व्होल्टेज उतरवण्याचे हेच काम करते, आणि तापमानाची मर्यादा दूर राहिल्याने प्रोसेसर वरचा वेग जास्त वेळ टिकवून धरतो. वेग मिळवायचा हा मार्ग लहान पेटीला मानवतो. २०० वॅटच्या पुढचे ओव्हरक्लॉकिंग हाच हेतू असेल, तर लहान कॅबिनेटचा हट्ट सोडून मोठे घेणे शहाणपणाचे.

चाचणी : हिवाळ्यात रात्री लावलेली सेटिंग ही अपुरी चाचणी होय. सेटिंग उन्हाळ्यात, दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान, पाण्याचा कूलर बंद ठेवून तपासावी. लहान कॅबिनेटचा पत्रा आणि लिक्विड कूलरमधला द्रव सावकाश तापतात, म्हणून सिनेबेंच या चाचणीच्या प्रोग्रॅमची एक फेरी पुरत नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्हींवर एकाच वेळी किमान अर्धा तास भार द्यावा आणि एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये तापमान, वेग आणि वॅट असे तिन्ही आकडे पाहावेत. तापमान मर्यादेला टेकलेले आणि वेग घसरत चाललेला दिसला, तर वीजमर्यादा १०-१० वॅटने उतरवत न्यावी.

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्यात खरेदी करताना कूलरची उंची आणि सॉकेट दोन्ही खोक्यावर वाचून घ्यावे. एएमडीच्या एएम४ सॉकेटचे बरेच कूलर एएम५ ला लागतात. इंटेलच्या एलजीए १२०० चे मात्र वेगळी पट्टी मिळाल्याशिवाय एलजीए १७०० ला लागत नाहीत. बायोसमध्ये दोन प्रोफाइल जपून ठेवा, एक दिवाळी ते होळीसाठी आणि दुसरे, कमी वॅटचे, होळीपासून पावसापर्यंतसाठी. होळीच्या आठवड्यात फिल्टर धुवा, पात्यांतली रुई काढा आणि दुसरे प्रोफाइल लावा.