घरगुती ‘हाय-फाय’ यंत्रसंचाची जडणघडण : निवड आणि जोडणी यांचा इतिहास (१९४५–१९७८)

दुसऱ्या महायुद्धापूर्वी ब्रिटन व अमेरिका येथील सधन कुटुंबांत संगीत ऐकण्याचे प्रतिष्ठित साधन म्हणजे रेडिओग्राम होय. रेडिओ, ध्वनिमुद्रिका फिरविणारे यंत्र, अँप्लिफायर आणि लाउडस्पीकर ही सर्व अंगे एकाच लाकडी कपाटात बसविलेली असत. कशाला काय जोडावे हा प्रश्न कारखान्यातच सुटलेला असल्यामुळे ग्राहकाच्या वाट्याला केवळ कळ फिरविणे तेवढे येई. युद्धोत्तर पंधरा वर्षांत हे कपाट मोडले. त्यातील प्रत्येक अंग स्वतंत्र पेटीच्या रूपाने बाजारात आले, आणि चोखंदळ श्रोता एका कारखान्याचा अँप्लिफायर दुसऱ्याच्या लाउडस्पीकरशी जोडू लागला. त्याला स्वातंत्र्य मिळाले; परंतु त्याबरोबरच कारखान्यातील अभियंत्याची जबाबदारीही त्याच्या शिरावर आली.

या विषयाचा इतिहास बहुधा गाजलेल्या यंत्रांची वंशावळ म्हणून सांगितला जातो. वस्तुतः त्याचे मर्म यंत्रांत नसून यंत्रांमधील सांध्यांत आहे. ज्या सांध्यासाठी सर्वमान्य प्रमाण ठरले, तेथील वाद शमला. जेथे प्रमाण ठरले नाही, अथवा ठरूनही मानले गेले नाही, तेथे वादही वाढला आणि किंमतही वाढली.

या स्थित्यंतराची तांत्रिक पूर्वतयारी १९२७ मध्ये झाली होती. त्या वर्षी बेल प्रयोगशाळेतील हॅरॉल्ड ब्लॅक यांना ऋण प्रतिसंभरणाची कल्पना सुचली. अँप्लिफायरमधून बाहेर पडणाऱ्या संकेताचा अल्प अंश उलट करून पुन्हा प्रवेशापाशी आणला असता यंत्राने स्वतः घातलेली विकृती पुष्कळशी नाहीशी होते, हे तिचे तत्त्व. टेलिफोनच्या तारांसाठी निघालेली ही युक्ती घरगुती संगीताच्या क्षेत्रात युद्धानंतर फळास आली. हॅरॉल्ड लीक यांच्या लंडनमधील कारखान्याने १९४५ मध्ये केवळ ०.१ टक्का विकृतीचा अँप्लिफायर विक्रीस आणला व त्या आकड्यावरूनच त्याचे नाव ‘पॉइंट वन’ ठेवले. १९४७ च्या एप्रिल व मे महिन्यांत डी. टी. एन. विल्यमसन यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात १५ वॉटच्या अँप्लिफायरचा आराखडा प्रसिद्ध केला. तो पाहून असंख्य हौशी मंडळींनी घरी अँप्लिफायर बांधले. परंतु ज्यांनी विल्यमसन यांनी सांगितलेल्या दर्जाच्या ट्रान्सफॉर्मरऐवजी स्वस्तातला ट्रान्सफॉर्मर वापरला, त्यांचा अँप्लिफायर पुष्कळदा अस्थिर होऊन स्वतःच कंपन पावू लागे. उत्तम आराखडा हाती असूनही एक सांधा चुकला की सारे व्यर्थ, हा धडा त्या पिढीला येथेच मिळाला.

पीटर वॉकर यांच्या हंटिंगडन येथील अकूस्टिकल कंपनीचा ‘क्वाड २’ अँप्लिफायर १९५३ मध्ये आला. त्यात नियंत्रणाची पेटी वेगळी व शक्ती पुरविणारी पेटी वेगळी होती. मात्र नियंत्रण-पेटीला लागणारी वीज मुख्य अँप्लिफायरमधूनच अनेक तारांच्या जाड दोरीने येत असे. त्यामुळे एकाची नियंत्रण-पेटी दुसऱ्याच्या अँप्लिफायरला सहजासहजी जोडता येत नसे. सुटी दिसणारी यंत्रे या अर्थाने अद्याप अर्धीच सुटी होती.

सर्वांत बिकट सांधा पिकअप आणि नियंत्रण-पेटी यांमधील होता. ध्वनिमुद्रिका कोरताना खर्जाचे स्वर मुद्दाम क्षीण करावे लागतात, नाहीतर खोबण शेजारच्या खोबणीत घुसते. आणि तार स्वर मुद्दाम वाढविले जातात, म्हणजे वाजविताना ते कमी केले असता पृष्ठभागाची खरखरही कमी होते. वाजविताना याच्या नेमकी उलट क्रिया झाली तरच मूळ स्वर परत मिळतो. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ ध्वनिमुद्रिका आणल्यानंतर कंपन्यांनी हे प्रमाण आपापल्या मताने ठरविले. परिणामी श्रोत्याला प्रत्येक कंपनीसाठी निराळे बटण दाबावे लागे. १९५४ मध्ये अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने, म्हणजे आर. आय. ए. ए.ने, एकच वक्र निश्चित केला, आणि ब्रिटिश प्रमाणही लवकरच त्याच्याशी जुळले. नव्या ध्वनिमुद्रिकांपुरता हा वाद संपला व ती बटणे हळूहळू लुप्त झाली. जुन्या ध्वनिमुद्रिका मात्र या प्रमाणाबाहेरच राहिल्या.

दुसरा सांधा अँप्लिफायर व लाउडस्पीकर यांचा. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला ४, ८ वा १५ ओहमच्या लाउडस्पीकरसाठी निरनिराळी टोके असत, आणि योग्य टोक निवडणे एवढेच आपले काम अशी श्रोत्याची समजूत होई. प्रत्यक्षात लाउडस्पीकरचा रोध स्वराच्या उंचीप्रमाणे बदलत असतो. म्हणून अँप्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत रोध लाउडस्पीकरच्या मानाने अत्यल्प ठेवणे हाच खरा उपाय होय. त्यानेच पडद्याची अनिष्ट थरथर आवरली जाते. १९५४ मध्ये एडगर व्हिलचर व हेन्री क्लॉस यांनी केंब्रिज, मॅसेच्युसेट्स येथे बंद पेटीतील हवेलाच स्प्रिंगप्रमाणे वापरणारा लहान लाउडस्पीकर केला. त्यातून खर्ज खोल व शुद्ध मिळे. परंतु तेवढ्याच आवाजासाठी अँप्लिफायरची शक्ती अधिक लागे. १९५७ मध्ये विक्रीस आलेल्या क्वाडच्या स्थिरविद्युत् लाउडस्पीकरची गोष्ट याच्या उलट. त्याच्या स्वच्छतेला तोड नव्हती. पण फार शक्तिमान अँप्लिफायरशी जोडल्यास त्याच्या पडद्यात ठिणगी पडून तो निकामी होई. एका लाउडस्पीकरला जो अँप्लिफायर हितकारक, तोच दुसऱ्याला घातक ठरे. ‘सर्वोत्तम यंत्र’ या शब्दप्रयोगाला जोडीदाराचे नाव घेतल्यावाचून अर्थ उरला नाही.

ही यंत्रे मूळ ध्वनीच्या किती जवळ पोहोचली होती, याची जाहीर परीक्षाही झाली. व्हार्फडेल कंपनीचे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९५४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये व १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये प्रत्यक्ष वादन व त्याचे ध्वनिमुद्रण श्रोत्यांसमोर लागोपाठ ऐकविले. लंडनच्या कार्यक्रमात पीटर वॉकर हे त्यांचे सहकारी होते. १९५८ पासून दोन कर्ण्यांच्या, म्हणजे स्टिरिओ, ध्वनिमुद्रिका सर्वत्र रुळल्या आणि प्रत्येक सांधा दुप्पट झाला. एका लाउडस्पीकरच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या तरी खर्ज विरून जाई व वाद्यांची स्थाने विस्कटत.

ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरमधून निर्गत ट्रान्सफॉर्मर गेला आणि लाउडस्पीकरचा सांधाही बराच सुकर झाला. याच सुमारास वादाचे केंद्र मापनाकडून कानाकडे सरकले, हे लक्षणीय होय. १९७३ मध्ये निघालेल्या ‘द ॲब्सोल्यूट साउंड’ या अमेरिकन नियतकालिकाने प्रत्यक्ष संगीताची स्मृती हाच निकष मानला. या भूमिकेत तथ्य होते, कारण एका आकड्यात सारी विकृती मावत नाही. परंतु कोणते यंत्र वाजत आहे हे ठाऊक असलेला कान निःपक्षपाती राहत नाही. १९७८ मध्ये वॉकर यांच्या पुढाकाराने जेम्स मॉयर यांनी क्वाडच्या व्हॉल्व्हच्या एका व ट्रान्झिस्टरच्या दोन अँप्लिफायरांची ओळख लपवून तुलना केली, तेव्हा ऐकणाऱ्यांना त्यांतील भेद खात्रीने सांगता आला नाही. तारांचेही तसेच. २.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या पाच मीटर लांबीच्या जोडतारेचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.०७ ओहम भरतो, म्हणजे ८ ओहमच्या एक टक्क्याहूनही कमी. तरीही त्यानंतरच्या काळात महागड्या तारांचा मोठा व्यापार उभा राहिला.

महाराष्ट्रातील संगीतेतिहासाच्या अभ्यासकाला या सर्वांचे महत्त्व केवळ हौसेपुरते नाही. मराठी नाट्यपदांच्या ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकांचा मोठा भाग १९५४ च्या प्रमाणापूर्वीचा आहे. त्या आधुनिक नियंत्रण-पेटीतून तशाच वाजविल्या, तर १०,००० आवर्तनांपाशी आवाज सुमारे १४ डेसिबलने दबतो. खरखर कमी झाल्यामुळे ऐकणाऱ्यास सुधारणा झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात गळ्याची धार व व्यंजनांची स्पष्टता नाहीशी झालेली असते. दीर्घ ध्वनिमुद्रिकेची बारीक सुई रुंद खोबणीच्या तळाशी घासते, आणि फिरण्याचा वेग चुकल्यास गायकाची पट्टीच बदलते. अशा प्रतीवरून एखाद्या गायकाचा आवाज मंद वा बोथट होता असा निष्कर्ष काढणे म्हणजे लेखनिकाच्या चुकीचा दोष ग्रंथकाराला देणे होय. हस्तलिखिताचा पाठ ठरविताना जी साधनचिकित्सा आवश्यक मानली जाते, तीच ध्वनिमुद्रिकेलाही लावली पाहिजे. सुई, वेग, वक्र व जोडणी यांची नोंद सोबत नसलेली प्रत ऐकण्यास गोड असेल. पुरावा म्हणून ती अपुरीच राहील.