एका कारकुनाची रजा

बँकेतल्या कारकुनाने छंद कोणता करावा, याचे काही अलिखित नियम आहेत. पोस्टाची तिकिटे जमवावीत, फार तर पेटी वाजवावी. यंदा वेतनकराराची थकबाकी हातात पडली आणि मी नियम मोडून नवा कॅमेरा घेतला. मागोमाग दोन भिंगे, एक तिपाई आणि ही सगळी वरात वाहायला एक भलीमोठी बॅग आली.

"आता हमाल तेवढा घ्यायचा राहिला," इति सौभाग्यवती.

तिला गप्प करावे (ती झाली नाही, हा भाग वेगळा) म्हणून मी फोटोग्राफीचा इतिहास उघडला, तर त्यात आमचाच एक भाऊबंद भेटला. जॉर्ज ईस्टमन. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या एका सेव्हिंग्ज बँकेत हा १८७४ साली कनिष्ठ कारकून म्हणून चिकटला. वडील लहानपणीच गेलेले, घरी आई. म्हणजे नोकरी घट्ट धरून बसण्याची सगळी कारणे हजर!

चोविशीच्या आसपास त्याने रजा काढून सांतो दोमिंगोला जायचे ठरवले. "फोटो काढून आण की," एका सहकाऱ्याने सुचवले. (सुचवायला सहकाऱ्याचे काय जाते?) ईस्टमनने सामान घेतले. केवढा थोरला कॅमेरा, जड तिपाई, काचा, रसायने आणि चक्क एक तंबू! तेव्हा फोटो ओल्या काचेवर निघे. काचेवर कलोडियन ओतायचे, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, फोटो घ्यायचा आणि काच वाळायच्या आत तंबूत घुसून धुवायची. ही विद्या शिकायला त्याने पाच डॉलर मोजले. आणि सांतो दोमिंगोला गेलाच नाही! पुढे मॅकिनॅक बेटावर गेला, तेव्हा सिल्व्हर नायट्रेट ट्रंकेत गळून आतले कपडे डागाळले.

आपण असतो तर सारे सामान माळ्यावर टाकले असते. हा गृहस्थ मात्र ओझ्यावरच चिडला. इंग्लंडच्या एका मासिकात त्याने कोरड्या काचांची कृती वाचली. मग दिवसा बँक आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात जिलेटीन शिजवणे. कधी कधी चुलीशेजारीच झोपायचा. १८८० साली काचांचा धंदा सुरू केला आणि १८८१ साली बँकेचा राजीनामा दिला. (हे वाक्य मी दोनदा वाचले.) लवकरच काचा खराब निघाल्याच्या तक्रारी आल्या. त्याने पदरमोड करून त्या बदलून दिल्या. आमच्या धंद्यात अशा वेळी 'पलीकडच्या खिडकीवर विचारा' म्हणण्याची प्रथा आहे.

१८८८ साली त्याचा कोडॅक आला. किंमत २५ डॉलर, आत शंभर फोटोंचे रीळ. रीळ संपले की अख्खा कॅमेरा कंपनीला पाठवायचा. दहा डॉलरांत फोटो आणि नवे रीळ भरलेला कॅमेरा घरी. १९०० साली ब्राउनी आला, तो तर एका डॉलरला! घोडाभर ओझे पोराटोरांच्या हातात मावू लागले.

गंमत पुढेच आहे. डिजिटल कॅमेरा १९७५ साली त्याच कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन नावाच्या इंजिनिअरने बनवला. पण फिल्मवर पोसलेल्या कंपनीला फिल्म सोडवेना, आणि २०१२ साली तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

इथे मी पुस्तक मिटले आणि माझे जुने आल्बम काढले. वीस वर्षे एकच फोटो! मागे देऊळ किंवा किल्ला, पुढे मंडळी ओळीने उभी, आणि कडेला आई, अर्धी कापलेली. कॅमेरा नवा आणला होता, पण फोटो काढणारा जुनाच होता.

त्या रविवारी तिपाई-बिपाई सोडली आणि नुसता कॅमेरा घेऊन स्वयंपाकघरात शिरलो. आई मेथी निवडत होती. खिडकीतून ऊन आले होते. एकच फोटो काढला. पहिल्यांदाच ती त्यात पुरती आली.

"अरे, केस तरी विंचरू द्यायचेस!" आई म्हणाली.

सौभाग्यवतीने फोटो बराच वेळ पाहिला. बोलली काहीच नाही. दुसऱ्या दिवशी तो भिंतीवर लागला. बॅगेतून मात्र सध्या कांदे-बटाटे येतात. पट्टा मजबूत आहे म्हणे.