मुळांना हवी हवा : बिनपंपाच्या हायड्रोपोनिक्सची प्रस्तावना

चिबड झालेल्या रानात ऊस पिवळा का पडतो, हे कृष्णा-वारणाकाठच्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. मुळाशी पाणी भरपूर असतं, खतही पडलेलं असतं, तरी पीक उठत नाही. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की तिथली हवा निघून जाते आणि मुळं गुदमरतात. पाऊस उघडला तरी वाफसा येईपर्यंत पेरणीला हात न घालण्यामागेही हेच शहाणपण आहे. अशा माणसाला कोणी सांगितलं की रोप महिना-दीड महिना निव्वळ पाण्यावर, झाकलेल्या डब्यात, पंप किंवा बुडबुडे सोडणारं यंत्र न लावता वाढतं, तर त्याने शंका घ्यायलाच हवी. त्या शंकेचं उत्तर शोधणारं जे शास्त्र आहे, त्याची ओळख करून देण्यासाठी हे पुस्तक आहे.

हायड्रोपोनिक्स म्हटलं की आपल्यापुढे पांढरे पाइप, टायमर आणि अखंड फिरणारं पाणी येतं. त्या पद्धतीत मुळांवरून पाण्याचा पातळ पापुद्रा सतत वाहतो. मे महिन्यात दुपारी वीज गेली तर काही तासांत रोपं माना टाकतात. आपला विषय याच कुळातली दुसरी शाखा आहे. तिच्यात पाणी फिरत नाही आणि हवा आत ढकलली जात नाही. तिला पॅसिव्ह हायड्रोपोनिक्स म्हणतात. आपण बिनपंपाचं हायड्रोपोनिक्स म्हणू. एका डब्यावर, एका वातीवर किंवा बुडाशी पाणी धरून ठेवणाऱ्या एका बादलीवर ते उभं राहतं. साधनं इतकी साधी असल्यामुळे त्यामागचं शास्त्रही सोपं असेल असं वाटतं, पण तसं नाही. यंत्राने जे काम केलं असतं ते इथे रचनेकडून करून घ्यायचं असतं, म्हणून रचना नीट समजून घ्यावी लागते.

या विषयाचा इतिहास सांगताना बॅबिलोनच्या झुलत्या बागांपासून सुरुवात करण्याची प्रथा आहे. ती आपण सोडून देऊ. दल सरोवरातले तरंगते मळे किंवा बांगलादेशातले जलपर्णीचे वाफे ही थोर शेती आहे, पण तिथे रोप कुजलेल्या वनस्पतींच्या थरातून अन्न घेतं. खरी सुरुवात प्रयोगशाळेतल्या एका प्रश्नापासून झाली: झाडाचं शरीर नेमकं कशाचं बनतं? व्हॅन हेल्माँटने विलोचं झाड कुंडीत पाच वर्षं वाढवलं. मातीचं वजन जवळपास तेवढंच राहिलं, तेव्हा झाड पाण्याचंच बनतं असा निष्कर्ष त्याने काढला. तो 1648 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापला गेला. पुढे लंडनच्या जॉन वुडवर्डने पुदिना वेगवेगळ्या पाण्यांत वाढवला आणि 1699 मध्ये निष्कर्ष मांडला. पावसाच्या पाण्यातलं रोप किरकोळ वाढलं, थेम्सच्या पाण्यातलं बरं वाढलं आणि बागेची माती कालवलेल्या पाण्यातलं सगळ्यात जोरात. म्हणजे नुसतं पाणी पुरत नाही. पाण्यात काहीतरी विरघळलेलं लागतं. ते ‘काहीतरी’ म्हणजे कोणते क्षार, हे ठरायला 1860 च्या आसपासचा काळ उजाडला. जर्मनीत युलिउस सॅक्स आणि विल्हेल्म क्नॉप यांनी ठरावीक क्षारांच्या द्रावणात रोपं वाढवून दाखवली आणि रोपाला मातीची नव्हे, मातीतल्या क्षारांची गरज असते हे सिद्ध झालं.

पुढचा वाद कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला झाला. विल्यम गेरिक यांनी 1929 पासून हा प्रयोगशाळेतला प्रकार शेतीत आणण्याचा आग्रह धरला. टोमॅटोचे उंचच उंच वेल पाहून वृत्तपत्रं हरखून गेली. गेरिक यांच्या टाकीत पंप नव्हता. द्रावणाच्या वर जाळी, जाळीवर भुशाचा वाफा आणि मध्ये थोडी मोकळी जागा अशी त्यांची मांडणी होती. पाणी न फिरवता पीक घेण्याची कल्पना या विषयाच्या व्यापारी जन्मापासूनच त्यात आहे, ती नंतर कोणी जोडलेली नाही. त्याच विद्यापीठातले डेनिस होगलंड आणि डॅनियल अर्नन यांनी या दाव्यांची छाननी केली. 1938 च्या त्यांच्या पुस्तिकेचं सार असं की प्रकाश, अंतर आणि निगा सारखी असेल तर चांगल्या मातीतलं पीक आणि पाण्यातलं पीक यांत चमत्कार वाटावा असा फरक पडत नाही. या विषयात पाऊल ठेवणाऱ्याने हे वाक्य पहिल्याच दिवशी लक्षात ठेवावं. दहापट उत्पन्नाच्या जाहिराती तेव्हाही होत्या, आजही आहेत.

या इतिहासात भारताचाही वाटा आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. 1946 च्या सुमारास दार्जिलिंगच्या डोंगरात, कालिम्पाँगच्या सरकारी प्रायोगिक शेतावर जेम्स शोल्टो डग्लस यांनी खडी आणि वाळूच्या वाफ्यात, क्षार हाताने टाकून आणि पाणी झारीने घालून पिकं घेतली. महाग यंत्रं ज्यांना परवडणार नाहीत त्यांच्यासाठी ही पद्धत आहे, हा त्यांचा हेतू स्पष्ट होता. 1951 मध्ये ती ‘बंगाल पद्धत’ म्हणून पुस्तकरूपाने आली. पुढे 1980 च्या दशकात तैवानमधल्या आशियाई भाजीपाला संशोधन केंद्रात हिदेओ इमाई यांनी न फिरणाऱ्या द्रावणाची पद्धत मांडली. तिचाच धागा हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅटकी यांनी इतका सोपा करून दाखवला की आज ती पद्धत त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

क्रॅटकी यांची मांडणी जवळून पाहू, कारण सगळ्या विषयाचं मर्म तिच्यात आहे. सुमारे चार लिटरचा, उजेड आत न जाणारा डबा घ्यायचा. झाकणाला भोक पाडून त्यात जाळीदार नेट पॉट बसवायचा, त्यात कोकोपीट आणि लेट्यूसचं रोप. द्रावण इतकंच भरायचं की नेट पॉटचं बूड जेमतेम भिजेल. मग हात लावायचा नाही. रोप पाणी पीत जातं, पातळी खाली उतरत जाते आणि झाकण व पाणी यांच्यामध्ये दमट हवेचा पट्टा तयार होतो. त्या पट्ट्यात सापडलेली मुळं पाहिली तर ती खालच्या मुळांसारखी दिसत नाहीत. खालची लांब आणि गुळगुळीत असतात, तर वरची आखूड, फाटे फुटलेली, बारीक लव आल्यासारखी. खालची मुळं पाणी आणि क्षार घेतात, वरची प्राणवायू. एकाच रोपाने स्वतःच्या मुळांची अशी कामाची वाटणी करून घेतलेली असते.

याचं कारण साध्या आकड्यांत आहे. 25 अंश सेल्सियसला एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त 8 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो. एक लिटर हवेत तो 270 मिलिग्रॅमच्या घरात असतो. शिवाय वायू पाण्यातून पसरतो तो हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश. स्थिर पाण्यात मुळाभोवतीचा प्राणवायू संपला की नवा तिथवर पोचायला फार वेळ लागतो. उन्हाळ्यात तर दोन्ही बाजूंनी कोंडी होते: पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि त्याच वेळी मुळांचं श्वसन वाढतं. मग कोकणातला भात खाचरात कसा उभा राहतो, असं कोणी विचारील. भाताच्या खोडा-मुळांत हवेच्या पोकळ वाहिन्या असतात. पानांकडून हवा त्यांतून खाली उतरते. लेट्यूस, मिरची किंवा टोमॅटोकडे अशी सोय बेताचीच असते, म्हणून ती आपल्याला करून द्यावी लागते.

या दृष्टीने पाहिलं तर बिनपंपाच्या सगळ्या पद्धती म्हणजे एकाच प्रश्नाची तीन उत्तरं आहेत. पहिलं उत्तर वर सांगितलं: पातळी उतरू द्यायची. दुसरं वातीचं: पाणी खाली, रोप वर कोकोपीट-परलाइटच्या मिश्रणात आणि मध्ये नायलॉनची वात. केशाकर्षणाने पाणी वर चढतं आणि मिश्रणात कायमचा वाफसा राहतो. सुती वात काही आठवड्यांत कुजते, म्हणून नायलॉन. वातीची क्षमता मर्यादित असल्यामुळे तुळस-पुदिन्याला ती पुरते, भरात आलेल्या टोमॅटोला नाही. तिसरं उत्तर माध्यमाचं: बादलीत परलाइट किंवा भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या भरायच्या आणि बुडापासून तीन-चार बोटांवर बाजूला एक भोक पाडायचं. भोकाच्या खाली पाणी साठून राहतं, वरचं जास्तीचं निथळून जातं आणि निथळताना आपल्यामागे ताजी हवा ओढून घेतं. इथे पुन्हा पाणी घालणं चालतं. पहिल्या पद्धतीत तोच घातपात ठरतो.

यातली शेवटची बादली ‘हेम्पी बकेट’ या नावाने ओळखली जाते आणि ती मुख्यतः बंद खोलीत गांजाचं झाड वाढवणाऱ्यांमध्ये रुळली. या विषयाच्या इतिहासातलं हे प्रकरण टाळून चालणार नाही. उत्तर अमेरिकेत घरातल्या दिव्यांखालची, मातीविना लागवड गेल्या शतकाच्या उत्तरार्धात फोफावली ती बरीचशी या एका झाडामुळे. 1989 मध्ये अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याने हायड्रोपोनिक्सचं सामान विकणाऱ्या दुकानांवरच मोहीम उघडली होती, इतकं ते समीकरण घट्ट झालं होतं. कॅनडाने 2018 मध्ये कायदा बदलला. बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडांची मुभा मिळाली आणि चोरून चालणारं तंत्र उघड चर्चेत आलं. आपल्याकडे 1985 चा एनडीपीएस कायदा लागू आहे. परवान्याशिवाय या झाडाची लागवड हा गुन्हा असून त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कुंडी गच्चीवर आहे की कपाटात, याने त्यात फरक पडत नाही. म्हणून इथली सगळी उदाहरणं भाजीपाल्याची आहेत. तंत्र कोणाकडून आलं हे प्रामाणिकपणे सांगावं आणि ते मिरचीला लावावं, इतकंच.

आता रसायनाबद्दल थोडं, कारण नवखा माणूस इथेच अडखळतो. बाजारात सहज मिळणारं 19:19:19 पाण्यात घातलं की काम झालं, असा समज आहे. त्यात कॅल्शियम नसतं आणि नत्राचा मोठा भाग युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू युरिया फोडतात, डब्यातल्या पाण्यात ते काम रखडतं. कॅल्शियम कमी पडलं की लेट्यूसच्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात आणि टोमॅटोच्या फळाला खालच्या टोकाकडून काळा डाग पडतो. म्हणून कॅल्शियम नायट्रेट वेगळं घ्यावं लागतं. मात्र त्याचं तीव्र द्रावण मॅग्नेशियम सल्फेटच्या तीव्र द्रावणात ओतलं तर तळाला पांढरा गाळ बसतो. तो जिप्सम असतो आणि रोपाला त्याचा उपयोग नाही. द्रावणं ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांत विकली जातात ती एवढ्यासाठीच.

दोन मोजमापं शिकून घ्यावीत: सामू आणि विद्युतवाहकता, म्हणजे ईसी. सामू 5.5 ते 6.5 च्या दरम्यान असावा. बोअरचं जड पाणी तो वर ढकलतं, मग लोह पाण्यात असूनही रोपाला मिळत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर आधी सामू तपासावा, लोहाचं पाकीट नंतर उघडावं. ईसी क्षारांचं एकूण प्रमाण सांगते, कोणता क्षार किती ते सांगत नाही. उन्हाळ्यात रोप क्षारांपेक्षा पाणी जास्त वेगाने पितं, त्यामुळे उरलेलं द्रावण दिवसेंदिवस तीव्र होत जातं. मार्च-एप्रिलमध्ये सुरुवातच फिक्या द्रावणाने करण्यामागे हे कारण आहे.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. गाजर-मुळ्यासारखी कंदपिकं या डब्यांत नीट येत नाहीत. टोमॅटो, काकडी यांना मोठी टाकी लागते आणि फळं धरण्याच्या काळात त्यांचं पाणी झपाट्याने उतरतं. डबा पारदर्शक असेल तर शेवाळ माजतं. सगळ्यात गंभीर गोष्ट डासांची. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि आपला डबा म्हणजे नेमकं तसंच पाणी. नेट पॉटभोवतीची फट, बादलीचं भोक, पातळी पाहण्यासाठी ठेवलेली नळी या सगळ्यांवर बारीक जाळी हवीच. शहरात बिनपंपाची शेती करणाऱ्याची ही शेजाऱ्यांप्रती पहिली जबाबदारी आहे.

या पुस्तकातली पुढची प्रकरणं कोणत्याही क्रमाने वाचता येतील. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुळांच्या श्वसनापासून आरंभ करावा, गच्चीवर बाग करणाऱ्याने डबे आणि माध्यमांपासून. पण पुढे जाण्याआधी दोघांनीही एक प्रयोग स्वतः करावा. सारखे दोन डबे घ्या, दोन्हींत एकाच दिवशी लेट्यूसचं एकेक रोप लावा आणि एकच द्रावण भरा. पहिल्या डब्यात पाणी उतरेल तसं उतरू द्या. दुसऱ्यात पंधरा दिवसांनी, मुळांना हवेची सवय लागल्यावर, पुन्हा गळ्यापर्यंत भरा आणि रोज तेवढंच ठेवा. तीन आठवड्यांनी दोन्ही झाकणं उचलून मुळांचा रंग आणि वास पाहा, आणि जे दिसेल ते तारखेसह वहीत लिहा. ती वही जवळ ठेवून पहिलं प्रकरण उघडा. तिथला प्रत्येक दावा तुम्हाला तुमच्या नोंदीशी ताडून पाहता येईल.